चाल नवी, शब्द शाबूत

तुमच्या प्लेलिस्टमध्ये शेवटचं मराठी गाणं कोणतं ॲड झालं? सिनेमातलं सोडून सांगा. आठवत नाही ना? टेन्शन घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी मलाही आठवलं नसतं.

संभाजीनगरच्या हॉस्टेलवर एका रात्री रूममेटनं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं. "ऐक, भारी बँड आहे." गिटार सुरू झाली, मागून बेस आला, माझी मान डोलायला लागली. आणि गायकानं तोंड उघडलं तर काय, अभंग! गंमत म्हणजे पुढचा सगळा मला तोंडपाठ. "तुला कसं काय येतं हे?" रूममेट बघतच राहिली.

काय सांगणार तिला? माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस पहाटे काकडा, रात्री कीर्तन, मग जागर. बारावीच्या वर्षी तर मी कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास केला होता. ज्या आवाजाला वैतागून गाव सोडलं, तोच आवाज हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन मला गाठत होता.

बँडचं नाव 'अभंग रिपोस्ट'. मुंबईच्या पोरांचा बँड. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग ते गिटार, बेस आणि तालवाद्यांवर गातात. नाव काय परफेक्ट आहे बघा. रिपोस्ट करताना मूळ पोस्ट कुणाची, ते नाव तसंच ठेवायचं असतं. संतांनी तर ही सोय आधीच करून ठेवलीय. कवीचं नाव अभंगाच्या शेवटच्या चरणातच गुंफलेलं. चाल कुणीही बदलो, क्रेडिट खोडता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अभंगाला गिटार लावली की झालं का फ्यूजन? नाही. ते जमतं, कारण अभंगाची बांधणीच तशी आहे. मोठ्या अभंगाच्या एका चरणात चार तुकडे असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला यमक. म्हणजे ओळ धावत येते आणि शेवटी चटकन थांबते. त्या थांब्यावर पखवाज बोलतो, तिथंच ड्रमही बोलू शकतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकचं गाणं बहुतेक वेळा चारच्या हिशोबात चालतं. आठात दोन चोक! आणि दर कडव्यानंतर परत येणारं ध्रुपद म्हणजे कोरसच की.

यांचं स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं गाणं आधी ऐका. मग लाइव्ह शोचा व्हिडिओ लावा. फरक लगेच कळेल. स्टुडिओतलं गाणं ठरलेल्या मिनिटाला संपतं. स्टेजवर तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, लय चढत जाते, समोरची पोरं-पोरी टाळ्यांचा ठेका धरतात, आणि गातंय कोण नि ऐकतंय कोण, ते कळेनासं होतं. आमच्या गावातला गजर असाच चढतो. बुवा डोळ्यांनी खूण करतात, मृदंगवाला दुगुणीत जातो आणि मागच्या रांगेतला पेंगणारा माणूसही उठून उभा राहतो. म्हणून माझं स्पष्ट मत: हे संगीत कानापेक्षा अंगानं ऐकायचं आहे. संधी मिळाली तर शो सोडू नका.

एक फर्माईश मात्र आहे. आपले नव्या चालीचे बँड बहुतेक वेळा विठ्ठलाच्या रूपाचं कौतुक निवडतात. छानच आहे ते. पण तुकोबा ढोंग्यांवर तुटून पडतात, ते अभंग? चोखोबा देवळाबाहेर उभं राहून देवालाच जाब विचारतात, ते? पंढरपुरात आजही त्यांची समाधी नामदेव पायरीजवळ, देवळाच्या बाहेरच आहे. त्या शब्दांना डिस्टॉर्शनची गिटार किती शोभेल! रॉक मुळात चिडलेल्या माणसाचं संगीत आहे. आपल्याकडं तो राग सातशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय.

मुळाशी जाऊन वाजवणं म्हणजे काय, हे दिल्लीच्या 'इंडियन ओशन'कडं बघूनही कळतं. त्यांचा 'डेझर्ट रेन' हा 1997 चा अल्बम म्हणजे चक्क लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. 2000 साली आलेल्या 'कंदीसा'मध्ये 'माँ रेवा' आहे. बेस वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, हे गाणं त्यांना त्या खोऱ्यातच भेटलं. गाणं शोधायला ते गेले नव्हते. लोकांसोबत राहिले, म्हणून गाणं मिळालं. याच बँडनं 2014 च्या 'तांडानू'नंतर नऊ वर्षांनी, 2023 मध्ये 'तू है' हा नवा अल्बम आणला. इतकी वर्षं थांबायचं धाडस हल्ली किती जण करतील?

आणि आपण? आपल्याला तर खोरं शोधत जायचीही गरज नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी मुक्ताबाईंची पालखी गेवराई-बीडवरून जाते, शेगावच्या गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून. कित्येक दिवस चालणारा हा लाइव्ह शो आपल्या दारावरून जातो, तिकीट नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या टीमनं महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी 1996 मध्ये गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. 'पारी'च्या वेबसाइटवर त्या ऐकता येतात. मी त्याच तालुक्यातली, आणि मला हे कॉलेजात गेल्यावर कळलं. लाज वाटली, खरंच.

म्हणून मागच्या दिवाळीत आजीसमोर फोन धरला. "आजी, एक ओवी म्हण." तिनं दोन ओळी म्हटल्या आणि अडकली. "जातं न्हाई तर गाणं कसं येईल गं?" म्हणाली. गावात पिठाची गिरणी आली, तशी जाती कोपऱ्यात गेली. मग मी म्हटलं, नुसता हात फिरव. तिनं हवेतच खुंटा धरला, हात गोल फिरायला लागला, आणि एकामागून एक अकरा ओव्या आल्या. फोनमध्ये आहेत. पुढच्या कधी आठवतील, आठवतील की नाही, कुणास ठाऊक. आजी आता ब्याऐंशीची आहे.

शेवटी मी तिला 'अभंग रिपोस्ट' ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं तिनं. मला वाटलं, आता शिव्या पडणार.

"चाल बदलली पोरांनी," ती म्हणाली. "पर सबुद शाबूत हायेत. वाजवू दे."

तर दोस्तांनो, आज रात्री इअरफोन लावून हा बँड नक्की ऐका. आणि दिवाळीला घरी गेलात की इअरफोन काढून ठेवा. तुमच्याही घरात कुणीतरी अकरा ओव्या घेऊन बसलेलं असेल.