एफआय गाडी ‘लीन’ झालीय? डबी बसवायच्या आधी रबर बघा

एसटीत बसलात, रेंज जातेय, हेडफोन घरी राहिलाय, अशांसाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त ‘काय म्हणतात त्याला’ जरा कमी केलंय.

माझा आतेभाऊ भोकरदनला राहतो आणि रोज गाडीवर जालन्याला एमआयडीसीत कामाला जातो. गाडी १५० सीसीची, बीएस-६. मे महिन्यात ती रुसली. सकाळी तीन-चारदा सेल्फ मारल्याशिवाय चालू होईना. आयडलिंग वर-खाली व्हायचं. राजूरला गणपतीच्या गर्दीत हळू केली की बंद पडायची, परत रेस दिली की आधी दम तोडायची, मग उचलायची. आणि थ्रॉटल सोडलं की सायलेन्सरमधून फट्-फट्.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, “लीन चालतीय, डबी बसवू.” डबी म्हणजे इंजेक्टरच्या वायरीत मध्ये जोडायचा छोटा बॉक्स. भाव साडेचार हजार. भावाचा फोन आला, “दादा, बसवू का?” मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

आता लीन म्हणजे काय? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त, म्हणजे पेट्रोल कमी, की मिश्रण लीन. पेट्रोल जास्त झालं की रिच. लीन गाडी सुरुवातीला फक्त कुरकुर करते. पण लोड देऊन तशीच पळवत राहिलात, तर इंजिन तापतं, आतून टकटक ऐकू येते आणि खर्च पिस्टनपर्यंत जातो. म्हणून दुर्लक्ष करू नका, पण घाबरून पैसेही घालू नका.

कार्बोरेटरच्या जमान्यात मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, कान लावायचा, काम झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. यात मिश्रणाचा स्क्रूच नाही. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीवर स्क्रू दिसतो, पण तो आयडलिंगचा. त्याला फिरवून मिश्रण सुधारत नाही, उगाच सेटिंग बिघडतं.

मग पेट्रोल किती सोडायचं हे कोण ठरवतं? ईसीयू. थ्रॉटल किती उघडलंय, इंजिन किती गरम आहे, हवेचा दाब किती, आरपीएम किती, हे बघून तो इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडा ठेवतो. मग बेंड पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर धुराचा वास घेतल्यासारखं सांगतो, ‘लीन जळालं’ किंवा ‘रिच जळालं’. ईसीयू लगेच थोडं पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. सेकंदा-सेकंदाला हे चालू असतं. पण सेन्सर तापेपर्यंत, म्हणजे थंड इंजिनला, आणि थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, स्वतःच्या पाठ केलेल्या तक्त्यावर चालतो. आणि ऐकतो तेव्हाही एका मर्यादेपर्यंतच दुरुस्ती करतो. मर्यादा संपली की इंजिनचा दिवा लागतो.

इथं पेट्रोलचाही विषय येतो. आता पंपावर ई-२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते, किलोला ९ किलोच्या आसपास. हिशोब केला तर ई-२० ला साधारण १३.५ किलो हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत शुद्ध पेट्रोलपेक्षा ८-९ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ई-१० वर सेट झालेल्या गाडीला फरक त्याच्या निम्मा. चांगल्या स्थितीतली एफआय गाडी एवढं सांभाळून घेते. पण आधीच कुठं हवा शिरत असेल, तर ई-२० मुळे उरलेली मर्यादाही संपते. (आपल्याकडचा मका इथेनॉलला जातो आणि तोच गाडीच्या टाकीत परत येतो, ही गंमत वेगळीच.)

रविवारी आम्ही अंगणात गाडी घेतली. पहिला प्रश्न, त्रास कधी होतो? हळू असताना आणि आयडलिंगला जास्त, वेगात कमी, तर बहुतेक हवा चोरून शिरतेय. उलट हळू ठीक आणि फुल थ्रॉटलला दम तोडते, तर पेट्रोल कमी पोचतंय: पंप, फिल्टर नाहीतर इंजेक्टर. भावाचा त्रास सगळा हळू असतानाचा. प्लग काढला, टोक पांढरट. चांगला प्लग फिका तपकिरी दिसतो, रिच गाडीचा काळा.

मग थ्रॉटल बॉडी आणि इंजिनच्या मधलं रबर. वरून एकदम ठीक. बोटानं दाबून वाकवलं तर खालच्या बाजूला बारीक चीर. ऊन, धूळ, वर्षानुवर्षं तापणं-थंड होणं, रबर कडक होतं. खात्री करायला गाडी आयडलिंगला ठेवून चिरेवर साबणाचं पाणी मारलं, आवाज लगेच बदलला. काहीजण इथं पेट्रोल किंवा क्लीनर स्प्रे मारतात. गरम सायलेन्सरशेजारी ते करू नका, आग लागते.

नवं रबर आणि दोन क्लॅम्प, सगळं मिळून काही शे रुपये. एअर फिल्टर झटकला, तो धुळीनं भरलेला होता. (धूळ भरलेला फिल्टर गाडी लीन करत नाही, पण दम कमी करतो, म्हणून तोही बदलला.) दोन दिवस चालवल्यावर ईसीयूनं स्वतःला जुळवून घेतलं.

डबी बसवली असती तर? डबी पेट्रोल वाढवते, सेन्सर म्हणतो ‘रिच झालं’, ईसीयू ते पुन्हा कमी करतो. दोघांची ओढाताण. मग कुणीतरी म्हणतं, सेन्सरच काढून टाक, किंवा टेम्परेचर सेन्सरला रेझिस्टर लाव, म्हणजे इंजिन कायम थंड आहे असं ईसीयूला वाटेल. मग अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, कॅटलिटिक कन्व्हर्टर भाजतो आणि पीयूसीला अडकता. चीर मात्र तशीच.

एक फसवं प्रकरण सांगतो. बेंड पाइपच्या जोडावर गास्केट गेलं असेल, तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते. सेन्सर ‘लीन’ ओरडतो, ईसीयू पेट्रोल ओततो, आणि गाडी खरं तर रिच असते. कोड लीनचा, प्लग काळा. असं दिसलं तर आधी गास्केट बघा.

मग खरं ट्यूनिंग कधी? मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर बसवलात तर, तेही डायनोवर, मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरसकट करून घ्या. पण असा सायलेन्सर रस्त्यावर पोलिसांना आधी ऐकू येतो.

भाऊ परवा जालन्याहून आला. गाडी पहिल्या सेल्फला चालू. थ्रॉटल सोडल्यावर अजून एखादी फट् होते का, विचारलं. म्हणाला, “दादा, आता माझीच शिंक जास्त मोठी आहे.”

तुमची गाडी कुठली, किती किलोमीटर चाललीय आणि त्रास हळू असताना की वेगात, एवढं व्हॉइस नोटमध्ये सांगा. पुढच्या भागात इंजेक्टर घरी साफ करावा की नाही, ते बघू.