दुसरी संगणकभाषा शिकताना

कॉलेजात आकडेवारीसाठी ‘आर’ ही संगणकभाषा शिकलात आणि आता नोकरीसाठी ‘पायथन’ मागतात? घाबरू नका. पहिलीच्या वेळचे कष्ट पुन्हा पडत नाहीत. तक्ता वाचणं, हव्या त्या ओळी वेगळ्या काढणं, सरासरी काढणं, सगळं तेच. फक्त लिहायची पद्धत बदलते. घोळ होतो तो जुन्या सवयीने.

माझंच सांगते. रत्नागिरीहून वाशीला पाठवलेल्या हापूसच्या पेट्या मी रोज लिहून ठेवते. पाच दिवसांचे आकडे होते ४०, ३५, मग एक दिवस लिहायचा राहिला, पुढे ५० आणि ४५. ‘आर’ला सरासरी विचारली की ती आकडा देतच नाही, ‘एनए’ म्हणते. रिकामी जागा सोडून दे, असं तिला मुद्दाम सांगावं लागतं. पायथनमध्ये तक्त्यांसाठी ‘पांडाज’ वापरतात. त्याने ती जागा गुपचूप सोडली आणि चारच दिवसांची सरासरी दिली, साडेबेचाळीस. मी शहाणी, पाचाने गुणून दलालाला २१२ पेट्या सांगून बसले! वहीत १७०च.

मोजणीही वेगळी बरं का. ‘आर’ एकपासून मोजते, पायथन शून्यापासून. तिसरा दिवस हवा तर पायथनला २ सांगायचं.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर दोन्ही भाषांचे धडे फुकट आहेत. सराव मात्र स्वतःच्या जुन्याच वहीवर करा. उत्तर आधीच ठाऊक असलं की चूक लगेच सापडते.