नागासाकीच्या बंदरात वसईकराचा एक दिवस

जपानच्या क्रूझच्या कार्यक्रमात नागासाकीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. वाचणारा माणूस वसईतल्या गिरीजचा किंवा गासचा असेल, तर त्याला आधी आठवतो संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेल्या या माणसाला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. तिथवर जाऊन त्याची जागा न बघता परत यायचं नसेल, तर काही गैरसमज निघण्याआधीच दूर केलेले बरे.

सगळ्यात मोठा घोटाळा जागेचा. मात्सुगाए धक्क्यावर उतरलं की दहाएक मिनिटांच्या चालीवर ओउरा चर्च लागतं. ते गोन्सालोसह मारल्या गेलेल्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावानं आहे, त्यामुळे हीच ती जागा असं वाटून माणसं तिथेच हात जोडतात. हे चर्च १८६४ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलं. रक्तसाक्ष्यांची टेकडी आहे निशिझाका, नागासाकी रेल्वे स्टेशनाजवळ, धक्क्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर. नाव आणि त्या टेकडीकडे असलेलं तोंड, एवढाच ओउरा चर्चचा तिच्याशी संबंध.

गोन्सालोला आपल्याकडेही बरेच जण ‘फादर’ म्हणतात. तो फादर नव्हता, फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू होता. वडील पोर्तुगीज, आई इथली. लहानपण वसईत जेज्वीटांच्या सहवासात गेलं. पुढे तो जपानला गेला, काही काळ व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन झाला. जपानी भाषा त्याला उत्तम येत होती, म्हणून १५९३ साली फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला आला. त्याचं काम क्योटोकडे चाललं होतं, नागासाकीत नव्हे. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमानं तिकडे त्याला पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर चालवत नागासाकीला आणलं. बरोबरचे सगळे परदेशी पाद्री होते, हाही गैरसमजच. सव्वीसांपैकी वीस जण जपानी होते आणि सगळ्यात धाकटा अवघा बारा वर्षांचा.

पहिली भारतीय संत अल्फोन्सा, असंही ऐकू येतं. त्या पहिल्या भारतीय महिला संत, २००८ सालच्या. गोन्सालोला संतपद मिळालं ८ जून १८६२ रोजी. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६२ साली, निशिझाकावर स्मारक उभं राहिलं. सव्वीस ब्राँझच्या आकृत्या एका रांगेत आहेत. पावलं खाली लोंबलेली, जमिनीला न टेकलेली. त्यातला एक आपल्या वसईचा आहे, हे मनात ठेवून बघा.

आता वेळेचं. जहाज सकाळी आठला लागून संध्याकाळी पाचला सुटणार असेल, तर नऊ तास मिळाले असा हिशेब करू नका. उतरताना इमिग्रेशनची रांग असते आणि जहाज सुटायच्या बरंच आधी परत चढावं लागतं. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. ती गावातल्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. उशीर झाला तर जहाज थांबेल, या भरवशावर राहू नका. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर ते सहसा थांबतं, आपण एकटे फिरत असलो तर नाही. व्हिसाबद्दल तिकीट काढतानाच लेखी विचारून घ्या.

पण जहाज थांबावं एवढ्यासाठी त्यांची महागडी सहलच घ्यायला हवी असं नाही. गावात ट्राम आहे. मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढच्या दाराशी पैसे टाकायचे. स्टेशनावर उतरून थोडा चढ चढलं की निशिझाका. तीच ट्राम पुढे उराकामीकडे जाते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब फुटला तो बंदरावर नाही, या उराकामीवर, पिढ्यान्‌पिढ्या लपून श्रद्धा जपलेल्या ख्रिस्ती वस्तीवर. तिथे तासभर तरी द्या.

ओउरा चर्च जहाजाजवळच आहे, म्हणून ते शेवटी ठेवा. उशीर झाला आणि ते राहिलं तरी चालेल. निशिझाका राहता कामा नये.