घरी बनविलेल्या ध्वनिपरिणाम पेडलसाठी तारेची निवड : खान्देशातील वादकांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील लग्नसराईत अहिराणी गीते वाजविणाऱ्या वादकांची वर्षाची मिळकत बव्हंशी याच थोड्या दिवसांवर अवलंबून असते. गिटारप्रमाणेच महाराष्ट्रातील पथकांत विद्युत बेंजोही वाजविला जातो. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये निर्माण झालेल्या तैशोगोतो या वाद्यापासून बुलबुल तरंग व पुढे हा बेंजो घडला. या वाद्यांच्या स्वराला डिस्टॉर्शन, डिले इत्यादी परिणाम देणारे पेडल घरी जुळविता येते. मात्र ऐन वरातीत आतील एक तार तुटली तरी वाद्य मुके होते. म्हणून तारेच्या निवडीमागील भौतिक तत्त्वे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तारेचा रोध :
जाड वा महाग तारेने स्वर सुधारतो, असा समज आढळतो. ७/३६ प्रकारच्या, म्हणजे ३६ गेजच्या ७ बारीक तारांच्या जुडीचा रोध १५ सेंटीमीटर लांबीस सुमारे ०.०१३ ओहम भरतो. पेडलने १० मिलिअँपिअर प्रवाह घेतल्यास विभवातील घट सुमारे ०.१३ मिलिव्होल्ट होते. ९ व्होल्टच्या तुलनेत ती नगण्य होय. सारांश, येथे निवडीचा निकष रोध नसून टिकाऊपणा हा आहे. घरगुती वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची तार तर सर्किट बोर्डाच्या सुमारे १ मिलिमीटरच्या छिद्रात मावतही नाही.

एकेरी की बहुपदरी :
एकेरी तार दिलेला आकार टिकविते, म्हणून बोर्डावरील स्थिर जोडण्यांस ती सोयीची. लॅन केबलच्या उरलेल्या तुकड्यांतील एकेरी तांब्याची तारही या कामी चालते. परंतु वारंवार वाकल्याने ती सांध्यापाशी तुटते. सबब जॅक, पायाने दाबावयाचा स्विच व बॅटरी यांकडे जाणारी तार बहुपदरीच असावी. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्यावर सोल्डर चटकन धरते व ते लवकर काळवंडत नाही.

खरेदीच्या वेळी तार खरवडून पाहावी. वरून तांबूस व आतून पांढरी निघाल्यास ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तार समजावी. ती वाकविल्यास लवकर तुटते. वरून पांढरी व आतून तांबूस असल्यास तो कथिलाचा मुलामा होय.

आवरण :
सामान्य पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत वापरता येते. खान्देशातील मे महिन्याचे तापमान ४० अंशांवर जात असले, तरी खरा धोका सोल्डरिंगच्या वेळी सुमारे ३५० अंशांपर्यंत तापलेल्या टोकाचा असतो. त्याने पीव्हीसी वितळून मागे सरकते व उघडी तार शेजारच्या जोडणीस टेकते. दाटीच्या जागी टेफ्लॉनचे आवरण उपयुक्त ठरते. मात्र ते जाळून काढू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. ते पात्याने सोलावे.

शील्डेड तार :
पेडलच्या प्रवेशाकडील तार क्षीण संकेत वाहते व पुढे तो अनेक पटींनी वाढविला जातो. साहजिकच विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीचा शिरकाव येथेच होतो. भूसंपर्कित धातूची पेटी हा त्यावरील पहिला उपाय. अधिक प्रवर्धन असल्यास प्रवेशाची तार शील्डेड घ्यावी व तिची जाळी पेटीच्या आत एकाच टोकाला भूसंपर्कित करावी. अशा तारेच्या धारितेमुळे स्वर बोथट होईल ही भीती अनाठायी आहे. मीटरला १०० पिकोफॅरड धारिता धरल्यास १५ सेंटीमीटरला १५ पिकोफॅरड होते. १० हजार ओहमच्या स्रोताशी तिची छेदक वारंवारता सुमारे १० लाख हर्ट्झ येते. मानवी श्रवणाची मर्यादा २० हजार हर्ट्झ आहे. याउलट प्रवेशाची व निर्गमाची तार शेजारून नेल्यास संकेत मागे फिरून शिट्टी वाजू लागते.

निष्कर्ष :
बोर्डावर एकेरी, हलणाऱ्या भागांकडे बहुपदरी व प्रवेशास गरजेनुसार शील्डेड तार ही विभागणी पुरेशी आहे. यासाठी पैशापेक्षा समज अधिक लागते. पदवी वर्गातील ओहमचा नियम व धारितेचा पाठ या उदाहरणातून शिकविल्यास, विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकातील सूत्र आणि गावातील वादकाची भाकरी यांतील संबंध प्रत्यक्ष दिसेल.