दुसऱ्यांदा लाइट देताना

“मागं ३५ लाइट घेतल्या, गाठ गेली. आता परत आलीय, तर परत ३५ द्या.” तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे रुग्ण मला हे अगदी सरळपणे सांगतात. पण शरीर पहिला डोस विसरलेलं नसतं, ही सगळी अडचण.

पहिल्या वेळी सहा-सात आठवड्यांत साधारण ६६ ते ७० ग्रे किरणं दिलेली असतात. वरून कातडी बरी दिसते. आत मात्र बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, लाळ आटलेली असते, जबड्याचं हाड कमजोर झालेलं असतं. म्हणून तर नंतर साधा दात काढला तरी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्याच जागी पुन्हा किरणं दिली, तर हाड कुजू शकतं, गिळणं बंद होऊन नळीनं अन्न घ्यावं लागू शकतं. सर्वांत मोठी भीती मानेतली मोठी धमनी फुटण्याची. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जीवावरच बेततं.

मग द्यायचीच कशाला? कारण काहींना फायदा होतो. अमेरिकेत बहुतांशी शस्त्रक्रिया न होण्याजोग्या रुग्णांना केमोबरोबर दुसऱ्यांदा किरणं दिली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १०० पैकी सुमारे २६ जण दोन वर्षांनंतर हयात होते; सुमारे ८ जण मात्र उपचारांमुळेच दगावले. हे दोन्ही आकडे रुग्णाच्या घरच्यांना एकाच बैठकीत सांगितले पाहिजेत, असं माझं मत आहे. आज आयएमआरटीसारख्या तंत्रानं किरणं गाठीपुरती आवरता येतात, तरी जुना डोस पुसला जात नाही.

गाठ काढता येत असेल, तर आधी शस्त्रक्रिया. तीनंतर सरसकट किरणं द्यावीत का? फ्रान्समधल्या १३० रुग्णांच्या चाचणीत (२००८) केमोसह किरणं दिल्यावर रोग जास्त आटोक्यात राहिला. आयुष्य मात्र वाढलं नाही.

दोन उपचारांमधलं अंतर फार मोलाचं. मज्जारज्जू काळाबरोबर थोडाफार सावरतो. दोन वर्षांनी परतलेली लहान गाठ आणि चार महिन्यांत उसळलेली गाठ, यांना एका मापानं तोलता येत नाही. दुसऱ्या प्रकारात मी सहसा किरणांऐवजी औषधोपचाराचा विचार करतो.

आणि जुनी फाईल! गाव बदललं, दवाखाना बदलला की ती हटकून हरवते. किती ग्रे, मानेच्या कुठल्या भागावर, कोणत्या तारखांना, हे त्यात असतं. प्लॅनची सीडी मिळाली तर उत्तमच. पहिले उपचार संपतानाच ती मागून घ्या.