बाटलीवरच्या इंग्रजी नावाची शेपटी

औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी पाहिले की आपण ती बाजूला ठेवतो आणि झाकणाच्या रंगावर भरवसा टाकतो. पण नावाची शेपटी ओळखता आली तरी उभे पीक वाचते.

ही शेपटी म्हणजे ‘साइड’. इथे तिचा अर्थ बाजू नव्हे. मूळ लॅटिन, अर्थ ठार करणारा. कोणाला, ते आधीच्या अक्षरांत असते. ‘इन्सेक्ट’ म्हणजे कीटक, म्हणून इन्सेक्टिसाइड हे कीटकनाशक. ‘फंगस’ म्हणजे बुरशी, फंगिसाइड बुरशीनाशक. हर्बिसाइड आणि वीडिसाइड ही दोन्ही तणनाशकेच. ‘पेस्टिसाइड’ हे मात्र सर्वांचे आडनाव. त्यावरून काहीच कळत नाही. 1968 च्या कायद्यानेही तणनाशके ‘इन्सेक्टिसाइड’ या शब्दातच कोंबली आहेत. तेव्हा दुकानाची पाटी वाचून निर्धास्त राहू नये.

खरा घोटाळा होतो तो औषधांच्या नावांत. प्रोपिकोनॅझोल आणि प्रोपाक्विझाफॉप ही जोडी घ्या. इंग्रजीत पहिली चार अक्षरे सारखी. पहिले गव्हाच्या तांबेऱ्यावरचे बुरशीनाशक, दुसरे सोयाबीनमधले गवत मारणारे तणनाशक. खरिपात उरलेली बाटली घरात असते, रब्बीत गव्हावर तांबेरा दिसतो, आणि घाईत तीच पंपात जाते. दोन्ही पाण्यात ओतली की दुधासारखी होतात. बादलीत पाहून फरक कळत नाही. आणि गहू हेसुद्धा शेवटी गवतच! पहिले काही दिवस शेत हिरवेच दिसते. मग पोंगा पिवळा पडतो, ओढला तर अलगद हातात येतो. त्यावर उतारा नाही.

लेबलावरचा रंगीत त्रिकोणही फसवतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा उतरता क्रम माणसाला होणाऱ्या विषबाधेचा आहे, पिकाचा नव्हे. तणनाशकावरही हिरवा त्रिकोण असू शकतो.

घरात हायस्कुलात जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर बाटली आपल्या हातात धरून त्यांच्याकडून नाव पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचून घ्यावे. ‘गवत मारणारे’ अशी मराठी चिठ्ठी मूळ लेबल न झाकता चिकटवावी. तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवावा. टू-फोर-डी फवारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला तर पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली येतात.