बालसंरक्षण विधी

बालसंरक्षण विधी : अठरा वर्षांखालील व्यक्तींचे छळ, पिळवणूक, उपेक्षा व भेदभाव यांपासून रक्षण करण्यासाठी केलेल्या विधिनियमांस सामान्यतः ही संज्ञा लावतात. सज्ञान व्यक्तीचा हक्क हिरावला गेल्यास ती स्वतः न्यायालयात दाद मागू शकते. बालकास तसे करता येत नाही. त्याच्या वतीने पालक बोलेल, असे विधी गृहीत धरतो. परंतु छळ करणारी व्यक्ती पालकच असेल अथवा बालकाच्या श्रमावर कुटुंबाचा निर्वाह अवलंबून असेल, तर हे गृहीत निराधार ठरते. अशा वेळी बालकाच्या बाजूने कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने हस्तक्षेप करावयाचा, हा या विधिशाखेतील मध्यवर्ती प्रश्न होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील विधीचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राचीन रोमन विधीनुसार पित्याचा अपत्यांवरील अधिकार अतिशय व्यापक होता. यूरोपात कुटुंबाच्या अंतर्गत व्यवहारात राज्यसंस्थेने पडू नये, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातही प्रभावी होती. इंग्लंडमध्ये गुराढोरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १८२२ मध्ये संमत झाला. बालकांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा अधिनियम मात्र त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी, १८८९ मध्ये अस्तित्वात आला.

भारतात १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही, हे तत्त्व स्वीकारले. तसेच बारा वर्षांखालील अपत्यास उघड्यावर टाकून देणे, अज्ञान मुलींची वेश्याव्यवसायासाठी विक्री करणे इ. कृत्ये शिक्षापात्र ठरविली. कारखान्यांतील बालश्रमिकांकडे मुंबईच्या कापडगिरण्यांमुळे लक्ष वेधले गेले. मुंबईत १८७५ मध्ये नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८८१ चा पहिला कारखाना अधिनियम झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई केली; परंतु सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दररोज नऊ तास काम करून घेण्यास मुभा ठेवली. १८९१ मध्ये किमान वय नऊ, १९२२ मध्ये बारा व १९४८ मध्ये चौदा वर्षे असे ते क्रमाने वाढत गेले.

संमतिवयाचा वाद हा या इतिहासातील सर्वांत तीव्र संघर्ष होय. १८६० च्या दंडसंहितेत ते वय दहा वर्षे होते. विवाहांतर्गत बळजोरीमुळे मृत्यू पावलेल्या एका अल्पवयीन मुलीच्या संदर्भात कलकत्त्यात १८९० मध्ये खटला चालला. मुलगी दहा वर्षांहून मोठी असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकत नव्हता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून मुंबईहून चालविलेल्या चळवळीस या घटनेने बळ आले आणि १८९१ मध्ये संमतिवय बारा वर्षे करण्यात आले. महाराष्ट्रात या विधेयकावरून उघड दोन तट पडले. परकीय सरकारने धार्मिक आचारात हस्तक्षेप करू नये, अशी भूमिका लोकमान्य टिळकांनी घेतली. तर आगरकर, न्या. रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृतींनी विधेयकास पाठिंबा दिला. बालकाचे हित श्रेष्ठ की समाजाची स्वायत्तता, हा त्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न पुढेही वेगवेगळ्या रूपांत उद्भवत राहिला. हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९२९ च्या बालविवाह निर्बंध अधिनियमाने मुलीचे किमान विवाहवय चौदा व मुलाचे अठरा ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे अठरा व एकवीस झाले.

निराधार व अपराधी बालकांसाठी मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी स्वतंत्र बालक अधिनियम केले. त्यांनी बालकांस प्रौढ बंद्यांपासून वेगळे ठेवण्याचे तत्त्व रूढ केले [→ बालगुन्हेगारी]. तथापि मुले तुरुंगात ठेवण्याची प्रथा पुढेही चालूच राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवू नये असे स्पष्ट करून सर्व राज्यांसाठी एकच अधिनियम असण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. त्याच वर्षी संसदेने बालन्याय अधिनियम संमत केला. २००० मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये त्याच्या जागी नवे अधिनियम आले.

सांविधानिक व आंतरराष्ट्रीय आधार : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (३) अन्वये राज्यास बालकांसाठी विशेष तरतुदी करता येतात. अनुच्छेद २३ ने मानवी अपव्यापार व वेठबिगार यांस आणि अनुच्छेद २४ ने चौदा वर्षांखालील बालकास कारखाना, खाण अथवा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अंतर्भूत झालेल्या अनुच्छेद २१ क ने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रात १९२४ ची जिनीव्हा घोषणा व संयुक्त राष्ट्रांची १९५९ ची घोषणा यांनंतर २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकृत झाली. भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केली; मात्र बालश्रमाविषयीचे अनुच्छेद ३२ टप्प्याटप्प्याने अंमलात आणले जाईल, असे निवेदन जोडले. भेदभावास प्रतिबंध, बालकाचे सर्वोच्च हित, जीवित व विकास आणि बालकाचे मत ऐकून घेणे, ही या संहितेची चार मूलतत्त्वे मानतात. यांतील चौथे तत्त्व विशेष महत्त्वाचे होय. कारण त्यामुळे बालक हा केवळ दयेचा विषय न राहता हक्कधारक व्यक्ती ठरतो.

छळापासून संरक्षण : २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात बालक आहे, त्याने त्यास मारहाण करणे, टाकून देणे वा जाणूनबुजून त्याची उपेक्षा करणे हा अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. बालकांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेतील व्यक्तीने तो केल्यास शिक्षेची मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढते.

लैंगिक अत्याचारांसंबंधी स्वतंत्र अधिनियम होण्यास मात्र फार विलंब लागला. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ अनुभवल्याचे सांगितले आणि छळ करणाऱ्यांत परिचित व्यक्तींचे प्रमाण मोठे आढळले. संकट घराबाहेरच असते, या रूढ समजास या अभ्यासाने धक्का दिला. पर्यटनव्यवसायाच्या आडून होणाऱ्या पिळवणुकीचा अनुभव घेतलेल्या गोव्याने त्यापूर्वीच, २००३ मध्ये, स्वतःचा बालक अधिनियम करून पणजी येथे बालकांसाठी विशेष न्यायालय स्थापिले होते. हॉटेलचालक व छायाचित्रे धुऊन देणारे व्यावसायिक यांवरही त्या अधिनियमाने दक्षतेची जबाबदारी टाकली.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम (पोक्सो) अंमलात आला. तो मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हाही अपराध ठरतो. बालकाचा जबाब त्याच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावा. त्यास रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. साक्ष देताना आरोपी त्याच्या नजरेस पडू नये. उभय पक्षांच्या वकिलांनी प्रश्न थेट न विचारता न्यायालयामार्फत विचारावेत आणि खटला शक्यतो एका वर्षात निकाली काढावा, अशा तरतुदी त्यात आहेत. केवळ शिक्षा वाढविण्यापेक्षा बालकास बोलता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे, हा या कार्यपद्धतीचा गाभा होय. त्वचेचा त्वचेशी प्रत्यक्ष स्पर्श झाल्याशिवाय लैंगिक हल्ला घडत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लावलेला अर्थ सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला व लैंगिक हेतू हाच निर्णायक घटक असल्याचे स्पष्ट केले.

पिळवणुकीपासून संरक्षण : १९८६ च्या बालकामगार अधिनियमाने काही विवक्षित धंद्यांतच बालश्रमास मनाई केली होती. शिवकाशी येथील आगपेटी व फटाके उद्योगातील मुलांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मालकाने प्रत्येक बालकामागे २०,००० रुपये भरावेत, असा आदेश दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील बालकांच्या सर्व रोजगारास बंदी झाली आणि चौदा ते अठरा वर्षांच्या किशोरांस धोक्याच्या कामांपासून दूर ठेवण्यात आले. तथापि शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची मुभा कायम राहिली. ही मुभा व्यवसायशिक्षणाच्या व परंपरेच्या आधारे समर्थिली जाते. परंतु घरबसल्या विडी वळणे वा जरीकाम करणे यांसारख्या कामांत कुटुंब हेच ठेकेदाराचे कार्यस्थळ बनते आणि ते निरीक्षकाच्या दृष्टीआड राहते, असा तीवरील आक्षेप आहे. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयोगटातील सु. १ कोटी १ लाख बालके काम करीत असल्याची नोंद झाली.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार बालविवाह सामान्यतः आपोआप शून्य ठरत नाही. अज्ञानावस्थेत विवाह झालेल्या पक्षास सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो रद्द करवून घेता येतो. बळाने, फसवून अथवा विक्रीच्या हेतूने केलेला विवाह मात्र प्रारंभापासूनच शून्य असतो. महाराष्ट्रात ग्रामपातळीवर ग्रामसेवकास बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून नेमण्यात आले. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत, मुलीस गावी एकटी कोठे ठेवावी या चिंतेपोटी आणि तोडणीच्या कामासाठी पतिपत्नींची जोडी—‘कोयता’—लागते म्हणून, तिचे लग्न लवकर उरकण्याकडे कल दिसतो. शिक्षेच्या धाकापेक्षा हंगामी वसतिगृह व चालू शाळा यांचा उपाय येथे अधिक परिणामकारक ठरतो.

भेदभावापासून संरक्षण : जात, लिंग, अपंगत्व व जन्माची परिस्थिती ही बालकांविषयीच्या भेदभावाची प्रमुख कारणे आहेत. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वसामान्य शाळांत प्रवेश देण्याची आज्ञा काढली. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने हेच तत्त्व पुढे नेले. दुर्बल व वंचित घटकांतील बालकांशी शाळेत भेदभाव होऊ नये, ही शासनाची जबाबदारी ठरली. विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा त्यांच्यासाठी ठेवण्यात आल्या आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई झाली. मुलीविषयीचा भेदभाव जन्मापूर्वीच सुरू होतो, हे ओळखून महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगपरीक्षणावर निर्बंध घालणारा अधिनियम केला. केंद्रीय अधिनियम १९९४ मध्ये झाला. शून्य विवाहापासून झालेल्या अपत्यांस १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ ने औरस दर्जा दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सहदायकी संपत्तीतील मातापित्यांच्या वाट्यावरही त्यांचा हक्क मान्य केला.

अंमलबजावणीची यंत्रणा : २०१५ च्या अधिनियमानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक अध्यक्ष व चार सदस्य असलेली बालकल्याण समिती असते. संरक्षणाची गरज असलेले बालक प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे हजर करावे लागते. अपराधाचा आरोप असलेल्या बालकाचे प्रकरण एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते यांच्या बालन्याय मंडळापुढे चालते. सोळा ते अठरा वर्षांच्या बालकावर घोर अपराधाचा आरोप असल्यास प्राथमिक निर्धारणानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे सोपविता येते. मात्र बालकास मृत्युदंड देता येत नाही. २००५ च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय व राज्य बालहक्क आयोग स्थापन झाले. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनिसेवा पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते.

मूल्यमापन : दीड शतकात विधीने बालकाचे वय, छळाची व्याख्या व राज्यसंस्थेचे कर्तव्य या तिन्ही बाबतींत मोठी वाटचाल केली आहे. तरीही काही प्रश्न अनिर्णित आहेत. अठरा वर्षांखालील संमती विधीस मान्य नसल्याने किशोरवयीनांतील परस्पर ओढीची प्रकरणेही पोक्सोच्या कक्षेत येतात आणि तक्रार बहुधा मुलीच्या नाराज कुटुंबाची असते. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात संमतिवय घटविण्यास विरोध केला; परंतु सोळा ते अठरा वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयास मर्यादित विवेकाधिकार द्यावा, असे सुचविले. माहिती कळविण्याच्या सक्तीमुळे अल्पवयीन गर्भवती मुली रुग्णालयात जाण्यास कचरतात, हे ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये डॉक्टरांस अशा मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा दिली. मृत्युदंडाची तरतूद पोक्सोत २०१९ मध्ये करण्यात आली. परंतु आरोपी आप्त असल्यास कठोर शिक्षेच्या भीतीने घरातूनच बालकास गप्प बसविले जाण्याचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासक मानतात.

बालसंरक्षणाची परिणामकारकता अखेर अधिनियमांच्या संख्येवर अवलंबून नसते. बालक प्रथम ज्यांच्याजवळ बोलते, ते शिक्षक, अंगणवाडीसेविका, शेजारी वा परिचारिका त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवतात काय आणि पुढील यंत्रणा त्वरेने हलते काय, यांवरच ती ठरते.